पुढे असलेला रायडर स्वतःहून मागे का जातो?

पत्र : मी आणि माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून मोटोजीपीच्या मोटरसायकल शर्यती न चुकता बघतो. कोण जिंकणार यावर आमची पैज लागते आणि बहुतेक वेळा मीच हरतो. परवा 2025 च्या शर्यती पुन्हा बघत बसलो होतो. थायलंडच्या शर्यतीत मार्क मार्केझ आरामात पुढे असताना त्याने वेग कमी केला आणि धाकट्या भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. शेवटी जिंकला मात्र तोच! कतारमध्ये मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला, आणि नंतर बघतो तर निकालात चौदावा. माझा भाऊ म्हणतो, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. शिवाय इथे कोणी टायर बदलायला थांबत नाही, पेट्रोल भरत नाही, तरी सुरुवातीला सुसाट असलेला रायडर शेवटच्या दहा लॅपमध्ये, म्हणजे सर्किटच्या फेऱ्यांमध्ये, एकदम गळपटतो. हे कसं? शर्यत बघताना नेमकं बघायचं तरी काय?
— नेहमी पैज हरणारा

उत्तर : तुमच्या भावाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे नंतर येऊ. पण तुम्ही दिलेल्या दोन उदाहरणांत ते नाही. थायलंड आणि कतार, दोन्हीकडे गुन्हेगार एकच होता : पुढच्या टायरमधली हवा.

आधी नियम बघा. पुढच्या टायरमधला दाब शर्यतीच्या निदान 60 टक्के लॅपमध्ये ठरवून दिलेल्या किमान मर्यादेच्या वर राहिला पाहिजे. शनिवारच्या छोट्या शर्यतीत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, हेच प्रमाण 30 टक्के आहे. 2024 पासून ही मर्यादा 1.80 बार (बार हे दाबाचं एकक) आहे, त्याआधी 1.88 होती. चाकात बसवलेला सेन्सर दर लॅपचा आकडा नोंदवतो. नियम मोडला तर रविवारी एकूण वेळेत 16 सेकंद वाढतात, स्प्रिंटमध्ये 8. पहिले दहा जण बऱ्याचदा वीस-पंचवीस सेकंदांत रेषा ओलांडतात, त्यामुळे 16 सेकंद म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी.

एवढा कडक नियम का? दाब कमी ठेवला की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड वाढते, म्हणून प्रत्येक संघाला तो कमीच हवा असतो. पण कमी हवेचा टायर चाकाच्या दर फेऱ्याला जास्त दबतो, त्याचा आतला सांगाडा सतत वाकत राहतो आणि आतल्या आत तापतो. ताशी 350 किलोमीटरवरून ब्रेक मारताना मोटरसायकल आणि रायडर यांचा जवळजवळ सगळा भार त्या एका टायरवर येतो. तो तिथे फाटला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून टायर पुरवणाऱ्या मिशेलिनने खालची मर्यादा घालून घेतली.

खरी गंमत पुढे आहे. शर्यत सुरू झाल्यावर हवा भरता येत नाही आणि सोडताही येत नाही. शर्यतीआधी टायर तंत्रज्ञ जो आकडा लावतो तो एका अंदाजावर लावतो : आपला रायडर पहिल्या दोन लॅपनंतर कुठे असेल? एकटा पुढे असेल तर पुढच्या टायरवर थंड हवेचा झोत सतत लागतो आणि तापमान उतरतं. कुणाच्या मागे चिकटून असेल तर तो झोत मिळत नाही, वर पुढच्या मोटरसायकलच्या इंजिनाची, एक्झॉस्टची आणि टायरची गरम हवा तोंडावर येते. शिवाय पुढच्याच्या आडोशात वारा अडवायला नसतो, म्हणून ब्रेक आणखी जोरात दाबावा लागतो आणि टायर आणखी तापतो.

टायर जेवढा गरम, तेवढा आतला दाब जास्त. ढोबळ हिशेब मांडून बघा. 1.80 बार हा वातावरणाच्या वरचा दाब, म्हणजे टायरच्या आत एकूण साधारण 2.8 बार. हवा 90 अंशांच्या आसपास असेल, तर 10 अंशांच्या फरकाने दाब सुमारे 0.08 बारने हलतो. म्हणजे गर्दीत 1.86 दाखवणारा टायर मोकळ्या हवेत 10 अंशांनी निवला की 1.78 वर येतो आणि तुम्ही नियमाबाहेर.

मग सुरक्षित म्हणून आधीच जास्त हवा का भरत नाहीत? कारण मग गर्दीत सापडलेल्या रायडरचा दाब चढत जातो. टायर फुगून टणक होतो, जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो. दाब 2 बारच्या पुढे गेला की ब्रेकवर पुढचं चाक लॉक होऊ लागतं आणि वळणात शिरताना ते बाहेर सरकतं. अशा टायरवर पुढच्याला ओलांडायचं म्हणजे पडायची तयारी ठेवायची. खाली दंड, वर घसरगुंडी, आणि मधली पट्टी केवळ दोन-तीन दशांश बारची.

आता तुमची थायलंडची शर्यत पुन्हा लावा. बुरीरामला 26 लॅप असतात. 26 चे 60 टक्के म्हणजे 15.6, म्हणजे साधारण 16 लॅप. मार्क पुढे एकटा धावत होता आणि त्याच्या पुढच्या टायरचा दाब मर्यादेखाली होता. सातव्या लॅपमध्ये त्याने अ‍ॅलेक्सला पुढे सोडलं, त्याच्या गरम हवेत टायर शेकत बसला आणि तीन लॅप उरले असताना पुन्हा पुढे आला. किती लॅप मागे राहिला ते मोजा : सुमारे सोळा. भावाला दिलेली भेट नव्हती ती, गणित होतं. अर्थात हे गणित जमलं ते त्या दिवशी हवं तेव्हा ओलांडण्याइतका वेग त्याच्याकडे होता म्हणून. दुसऱ्या कुणी हा डाव केला असता तर तो दुसरा आला असता.

कतारमध्ये उलटं झालं. लुसैलची शर्यत रात्री, 22 लॅपची. विन्यालेस त्या दिवशी सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगवान निघाला, काही वेळ तर तोच पुढे होता. दुसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडली, पण पुरेसे लॅप मर्यादेच्या वर भरले नाहीत. 16 सेकंद वाढले आणि तो थेट चौदावा. चांगला धावला म्हणून शिक्षा झाली असं वाटतं, आणि एका अर्थी तसंच आहे. या नियमाबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. रायडरच्या हातात नसलेल्या गोष्टीचा दंड रायडरला होतो. पण नियम आहे तोवर शर्यत त्याच्या चष्म्यातूनच बघावी लागते.

टीव्हीवर हे ओळखायचं कसं? पुढचा रायडर मोकळा असताना सरळ रस्त्यावर थोडा उठून बसला, मागे बघितलं, कुणाला तरी जाऊ दिलं आणि त्यानंतर बरेच लॅप तीन-चार दशांश सेकंदांचं अंतर राखून, हल्ला न करता मागे राहिला, तर तो दाब वाढवतोय. उलट, मागचा रायडर सरळ रस्त्यावर पुढच्याच्या थेट मागून बाजूला सरकू लागला, किंवा अंतर आपणहून 0.3 वरून 0.8 सेकंदांपर्यंत वाढवून दोन लॅपनंतर पुन्हा जवळ आला, तर तो टायर थंड करतोय. समालोचक 'दमला वाटतं' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

आता शेवटच्या दहा लॅपकडे. तिथे पुढच्या टायरची जागा मागचा टायर घेतो.

मोटोजीपीच्या मोटरसायकलचं किमान वजन 157 किलो आणि ताकद 290 हॉर्सपॉवरच्या आसपास. 2023 मध्ये ब्रॅड बाइंडरने इटलीतल्या मुजेलोला ताशी 366.1 किलोमीटर वेग गाठला तो अशाच यंत्रावर. एवढी ताकद जमिनीला पोचते ती मागच्या टायरच्या तळहाताएवढ्या भागातून, आणि वळणातून बाहेर पडताना तोही भाग टायरच्या कडेचा. थ्रॉटल उघडला की चाक थोडं जास्त फिरतं, रबर घासलं जातं, कड झिजते. सुरुवातीच्या लॅपमध्ये प्रत्येक वळणावर चाक फिरवत सुसाट गेलेल्या रायडरने ती कड आधीच खर्चून टाकलेली असते. शेवटी पकड उरत नाही. मग ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जास्त फिरू न देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था, मध्ये पडून ताकद कापते आणि लॅपमागे अर्धा सेकंद जायला लागतो. अर्धा सेकंद म्हणजे दहा लॅपमध्ये पाच सेकंद. गळपटणं म्हणतात ते हेच.

ज्याला टायर राखता येतो तो वळणाच्या मध्यावर घाई करत नाही. मोटरसायकल आधी उभी करतो, म्हणजे भार कडेवरून टायरच्या जाड मधल्या पट्ट्यावर येतो, आणि मग थ्रॉटल उघडतो. मागून येणाऱ्या कॅमेऱ्यात हा फरक स्पष्ट दिसतो. एक जण कललेला असतानाच मागचं चाक आडवं फेकत काळी रेघ ओढत जातो, दुसरा तीच मोटरसायकल अर्धा क्षण आधी उचलतो आणि सरळ निघतो. पंधराव्या लॅपनंतर पैज दुसऱ्यावर लावा.

कोणता टायर घेतलाय तेही बघा. पुढे तीन प्रकार मिळतात, मागे दोन. टायरच्या बाजूला पांढरा पट्टा म्हणजे सॉफ्ट (मऊ रबर), पिवळा म्हणजे हार्ड (कडक), पट्टाच नाही म्हणजे मीडियम. मागे सॉफ्ट लावलेला रायडर पहिल्या पाच लॅपमध्ये दोन सेकंद पुढे गेला म्हणून हुरळून जाऊ नका. कागद घ्या आणि पहिल्या चौघांची पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या लॅपची वेळ टिपा. ज्याच्या तीन आकड्यांत सगळ्यात कमी फरक, तो शेवटी पुढे असण्याची शक्यता जास्त. मध्ये कुणी गर्दीत अडकला असेल तर तो लॅप सोडून पुढचा घ्या.

सगळे टायर सगळीकडे सारखे झिजत नाहीत. जर्मनीतल्या झाक्सनरिंगला 13 वळणं आहेत, त्यातली 10 डावी आणि 3 उजवी. डावी बाजू भाजते आणि उजवी थंड पडते. म्हणून तिथे टायरच्या दोन बाजूंना वेगवेगळं रबर असतं. तरी डाव्या वळणांची लांबलचक माळ संपल्यावर येणारं अकरावं वळण, उजवीकडचं, उताराचं आणि भयंकर वेगाचं, दरवर्षी माणसं पाडतं. तिथे पुढचं चाक अचानक सुटतं आणि मोटरसायकल कलली होती त्याच बाजूला घसरत जाते. याला लो-साइड म्हणतात. रायडर बहुतेक वेळा उठून चालत जातो. हाय-साइड वाईट : मागचं चाक आधी सुटतं आणि अर्ध्या क्षणाने एकदम पकड घेतं, तेव्हा मोटरसायकल झटक्यात उलट्या बाजूला उसळते आणि रायडरला हवेत फेकते. सूटमधली एअरबॅग 2018 पासून सक्तीची झाली ती उगाच नाही.

टायर बदलत का नाहीत? शर्यत 40 ते 45 मिनिटांची, आणि टायर तेवढं अंतर पुरतील असेच बनवलेले असतात. संघांच्या गॅरेजसमोरच्या रस्त्यावर, पिट लेनमध्ये, वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर, त्यामुळे नुसतं आत जाऊन बाहेर यायलाच एवढा वेळ जातो की नवा टायर तो भरून काढू शकत नाही. पेट्रोलचंही तसंच : टाकीत 22 लिटर, स्प्रिंटसाठी 12, आणि मध्ये भरायचं नाही. काही सर्किटवर ते जेमतेम पुरतं, तेव्हा डाव्या हाताशी असलेल्या बटणाने रायडर काटकसरीचा मॅप, म्हणजे इंजिनाची सेटिंग, निवडतो. शर्यत संपल्यावरच्या लॅपमध्ये एखादी मोटरसायकल बंद पडून कडेला उभी दिसली, तर बिघाड समजायच्या आधी रिकाम्या टाकीची शक्यता धरा.

पाऊस आला की मात्र चित्र पालटतं. प्रत्येक रायडरकडे दोन मोटरसायकली असतात. शर्यत कोरड्यात सुरू होऊन पाऊस आला की पांढरा झेंडा दाखवतात, म्हणजे आता पिटमध्ये येऊन पावसाळी टायर लावलेल्या दुसऱ्या मोटरसायकलवर उडी मारायची परवानगी. कधी यायचं हे रायडरने ठरवायचं. एक लॅप लवकर आलात तर पावसाळी टायर कोरड्यावर भाजतो, एक लॅप उशीर झाला तर स्लिकवर, म्हणजे कोरड्यातल्या गुळगुळीत टायरवर, पाण्यात नाचावं लागतं. या शर्यतीत पैज लावूच नका.

बरेच जण इलेक्ट्रॉनिक्सला सगळं श्रेय देतात. 2016 पासून सगळ्यांना मॅग्नेटी मारेलीचा एकच कंट्रोल युनिट आणि एकच सॉफ्टवेअर आहे. फरक पडतो तो त्यात कुठल्या वळणाला किती ताकद द्यायची हे किती बारकाईने भरलंय त्यात. त्यापेक्षा मोठा फरक मोटरसायकलला लावलेल्या पंखांनी आणि मागचा भाग खाली बसवणाऱ्या यंत्रणेने पाडला. वळणातून निघताना रायडर बटण दाबतो, मागचा सस्पेन्शन बसतो, गुरुत्वमध्य खाली येतो, पुढचं चाक उचललं जात नाही आणि थ्रॉटल जास्त उघडता येतो. ही यंत्रणा विजेवर चालवता येत नाही, फक्त यांत्रिक किंवा हायड्रॉलिक. पुढच्या ब्रेकवर ती सुटून मोटरसायकल पूर्ववत व्हायला हवी. नाही सुटली तर पुढच्या वळणात रायडर बसक्या मोटरसायकलवर शिरतो आणि सरळ बाहेर जातो. पंखांमुळे मागच्याला मिळणारी हवा इतकी ढवळलेली असते की ओलांडणंच अवघड झालं, आणि टायरच्या दाबाचं नाटक एवढं वाढायला तेही एक कारण आहे. 2027 पासून मागचा भाग खाली बसवणारी यंत्रणा बंद, इंजिन 1000 ऐवजी 850 सीसी आणि टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे. तेव्हा वर दिलेले बारचे आकडे त्या वर्षी तसेच लावू नका.

आता तुमच्या भावाकडे. संघ काही सांगतच नाही असं नाही. रायडरला संघाशी बोलायला रेडिओ नसतो, पण पिट बोर्ड (कडेला उभं राहून दाखवायची पाटी) असतो आणि डॅशबोर्डवर संदेशही येतो. 2017 मध्ये मलेशियातल्या सेपांगला डुकाटीच्या होर्हे लोरेन्झोच्या डॅशबोर्डवर 'मॅपिंग 8' असा संदेश झळकला. इंजिनाची सेटिंग बदला असा त्याचा वरवरचा अर्थ, पण विजेतेपदाच्या चढाओढीत असलेल्या सहकारी डोव्हिझिओसोला जाऊ दे, असाच तो बहुतेकांनी घेतला. त्यानंतर लोरेन्झो वळणात बाहेर गेला आणि डोव्हिझिओसो जिंकला. तेव्हा हंगाम संपत आला असेल आणि एकाच कारखान्याचे दोघे पुढे असतील, तर भावाला संशय घेऊ द्या. मार्चमध्ये, हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, आणि दोघे वेगवेगळ्या संघांत असताना नको.

पैज जिंकायची असेल तर रविवारी नाही, शुक्रवारी सुरुवात करा. शुक्रवारी दुपारचा 60 मिनिटांचा सराव महत्त्वाचा. त्यातले पहिले दहा थेट क्यू2 मध्ये, म्हणजे पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत, जातात, बाकीचे पहिल्या फेरीत, क्यू1 मध्ये, झगडून दोन जागा मिळवतात. क्यू2 केवळ 15 मिनिटांचं, नव्या सॉफ्ट टायरवर साधारण दोन प्रयत्न. पुढे कुणी पडून पिवळा झेंडा निघाला तर त्या भागातून गेलेल्याचा तो लॅप रद्द. चांगल्या रायडरचा क्रमांक अकरावा दिसला की आधी हे तपासा. हीच क्रमवारी स्प्रिंट आणि मुख्य शर्यत, दोन्हींना लागते, आणि एका रांगेत तिघेच असतात. ओलांडणं अवघड असल्याने तिसऱ्या रांगेपलीकडच्या रायडरवर पैज लावायला फार मोठं कारण हवं.

स्प्रिंटचा विजेता रविवारी जिंकेलच असं नाही. निम्म्या अंतरात सॉफ्ट टायर तग धरतो, मागचा टायर राखायची कला तिथे लागत नाही. गुणही 12 च, रविवारी 25. त्यापेक्षा शुक्रवार-शनिवारच्या सरावात बारा-पंधरा लॅप झालेल्या जुन्या टायरवर कोण स्थिर वेळ काढतोय ते टिपून ठेवा. नव्या टायरवरचा एक झगमगीत लॅप सगळे दाखवतात, जुन्यावरचा कंटाळवाणा लॅप कुणी दाखवत नाही.

आणि पैजेचा निकाल चेकर्ड फ्लॅगवर लावू नका. शेवटच्या लॅपमध्ये कर्बच्या (ट्रॅकच्या रंगीत कडेच्या) बाहेरच्या हिरव्या पट्ट्याला चाक लागलं असेल तर एक क्रमांक खाली जाऊ शकतो. टायरच्या दाबाची चौकशी तर बक्षीस समारंभ आटोपल्यावरही चालू असते. विन्यालेस कतारमध्ये पोडियमवर उभाही राहिला होता. तुमच्या भावाने त्या रात्री पैसे मागितले असतील तर ते परत घ्या.